पंचगंगेला त्रिभुज प्रदेश का नाही

प्रिय पूर्णी,

गुंडूकाका सकाळी तांदळाचं पोतं घेऊन आलेत आणि दुपारच्या एसटीनं परत आजऱ्याला निघणार आहेत. त्यांचं जेवण होईपर्यंत मला हे पत्र संपवायचं आहे. काका किती सावकाश जेवतात ते तिथं बाळामावशीकडं राहून तुला कळलंच असेल, तेव्हा वेळ भरपूर आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं काही नाही. म्हणून म्हटलं, कागदच पाठवावा. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी तू वाचणारच, एवढी मी तुला ओळखते.

आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत तू त्या एका वाक्याची वाट बघत बसशील. माफी मागायला मी लिहीत नाही. त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये मी जे बोलले ते खरं होतं. आज कुणी पुन्हा उभं करून विचारलं तर तेच बोलेन, फक्त जरा मोठ्यानं. आणि तुमच्या विभागप्रमुख शशिधर सरांनी तुझ्या हातून जो कागद पाठवला होता त्याच्यावर मी सही केलेली नाही. करणारही नाही. आता राग आला असेल तर पत्र चुरगळून कोपऱ्यात टाक, राग उतरला की उचल आणि पुढं वाच.

घरी सगळं बरं आहे. मिरच्यांचा हंगाम नाही, त्यामुळं आपला मिरची कांडपाचा डंक दिवसातून थोडा वेळच चालतो, पण चटणी कांडून न्यायला पेठेतल्या बायका येतात त्या मिरच्या कमी आणि तोंड जास्त घेऊन येतात. पूर्णिमा कुठं गेली, कधी येणार, भांडलात काय. मी डंकाचं बटण दाबते, मग कुणाचंच काही ऐकू येत नाही. तुझे पप्पा फौंड्रीतून येतात, हातपाय धुतात, तुझ्या खोलीत एकदा डोकावतात आणि मगच ताटावर बसतात. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "तुमा दोघीत माझा रेफ्री केलाय, आन् शिट्टी कुणी दिली न्हाय." फुटबॉलचा सीझन सुरू झालाय आणि ते पहिल्या मॅचला एकटेच गेले. तुझ्याशिवाय गेल्याचं मला तरी आठवत नाही.

स्टेडियमवरून आठवलं. तू जाताना जे बोललीस ते गॅलरीचंच होतं, म्हणून तिथूनच सुरू करते. तू लहान होतीस तेव्हा आपण तिघं मॅचला जायचो. बायका कमीच असायच्या, पण मंगळवार पेठेत जन्मलेल्या बाईला कोण अडवणार? तुझा कृष्णातमामा तेव्हा पुढच्या फळीत खेळायचा. एकदा मोठ्या मॅचमध्ये गोलकीपर पडलेला, समोर जाळी मोकळी, आणि मामानं बॉल आकाशात पाठवला. अख्खी गॅलरी उठली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "कृष्ण्या, घरात ये, आज तुला जेवाय मिळतंय का बघ!" तू माझ्या मांडीवर होतीस, घाबरून रडायला लागलीस. संध्याकाळी मामा खाली मान घालून आला आणि तांबड्या रश्श्याची पहिली वाटी मी त्यालाच दिली. तू मला विचारलंस, मग मघाशी का ओरडलीस? तेव्हा पप्पांनी तुला सांगितलं होतं की समोरच्या टीमच्या पोरानं पण गोल घालवला, त्याला आपण काय म्हटलं का? त्याचा नि आपला काय संबंध. ओरडायचं ते आपल्या पोरावर. दुसऱ्या दिवशी उजाडायला मामा मैदानावर होता. अशा घरात आणि अशा पेठेत मी वाढले, आणि तू पण.

आता कॉलेजचं. जुलैत मी तू शिकवतेस त्याच कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घालते म्हटलं तेव्हा सगळे हसले. बायडाआत्या तर म्हणाल्या, "आता डिग्री घिऊन मिरच्यास्नी लेक्चर देणार व्हय?" तू हसली नाहीस. तू फक्त एक अट घातलीस, की कॉलेजात मी तुझी आई नाही. आडनाव पाटील, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आमच्या वर्गातच पाटलांची एक रांग भरेल. ती अट मी तंतोतंत पाळली. तू आधी निघायचीस, मी नंतर. डबा वेगळा. मी शेवटच्या बाकावर, कारण माझ्या पदराला चटणीचा वास आणि शेजारची पोरगी शिंकून शिंकून हैराण. तू हजेरी नंबरानं घ्यायचीस. माझा प्रवेश उशिरा झालेला, म्हणून नंबर शेवटचा. मी "यस मॅडम" म्हणायची आणि तू मस्टरवर खूण करायचीस, डोकं वर न करता. मला त्याचं काही वाटलं नाही, आपलं ठरलंच होतं तसं. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की तू कुणाच्याच नंबराला डोकं वर करत नाहीस.

खरं सांगायचं म्हटल्यावर चांगलंही सांगायला पाहिजे. ते हॉलमध्ये मला सांगायला मिळालं नाही, म्हणून इथं लिहिते. तू एकही तास बुडवला नाहीस. घंटा झाली की वर्गात. फळ्यावरचं तुझं अक्षर शेवटच्या बाकावरून मला चष्म्याशिवाय वाचता यायचं. अक्षांश-रेखांश मला तुझ्यामुळं कळले, आणि आता बातम्यांत कुठल्या देशाचं नाव आलं की मी पप्पांना तो वर आहे का खाली ते सांगते, त्याचा त्यांना वैताग आलाय. चाचणीत तू मला काठावर पास केलंस. दुसरी कुणी बाई असती तर दोन मार्क वाढवून दिले असते. पण तू दिले नाहीस याचा मला अभिमान आहे, आणि थोडा रागही आहे, कारण खडकांचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं.

पण बाकीचं काय? बाकीचं म्हणजे तो पिवळा पडलेला नोट्सचा गठ्ठा. तू टेबलावर गठ्ठा ठेवायचीस आणि सांगायला लागायचीस, आम्ही लिहायला लागायचो. "भूगोलाची ओळख" असं त्या विषयाचं नाव. मला शेवटपर्यंत कुणाचीच ओळख झाली नाही. वारा, पाऊस, डोंगर, सगळे एका आवाजात आले आणि त्याच आवाजात गेले. पोरं वहीखाली मोबाईल धरून बसायची आणि तुला ते दिसायचं. घरात पप्पांनी जेवताना टीव्हीकडं बघितलं तरी तुझा आवाज चढतो, आणि तिथं तू काही म्हणायची नाहीस. एक दिवस मात्र वेगळा होता. आठवतो का तुला? लाइट गेली, प्रोजेक्टर बंद पडला, वर्गात अंधारलेलं. तू वैतागून खडू घेतलास आणि नोट्सकडं न बघता फळ्यावर ज्वालामुखी काढायला लागलीस. आतून रस कसा वर येतो ते सांगताना तुझा हात खांद्यापासून हलत होता. "आता हितं काय हुईल?" असं तू विचारलंस, अगदी असंच, घरातल्या बोलीत, आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या बाकावरचा सम्राट मोबाईल खिशात घालून ताठ बसला. माझ्या शेजारची शिंकायची थांबली. मी मनात म्हटलं, आली गं माझी लेक. तेवढ्यात व्हरांड्यातून शशिधर सर गेले. नुसते गेले, आत बघितलं पण नाही. तू खडू खाली ठेवलास, हात पुसलेस आणि गठ्ठा उचललास. लाइट नव्हती तर खिडकीशी जाऊन वाचायला लागलीस. मला त्या दिवशी काहीच समजलं नाही. घरी येऊन विचारलं तर तू म्हणालीस, "कॉलेजातलं घरात नको."

मग नदीचा धडा आला. नदीचं काम, नदीची वळणं, नदीच्या मुखाजवळ साठणारा गाळ, त्रिभुज प्रदेश. उदाहरणं सगळी लांबलांबच्या नद्यांची. सम्राटनं हात वर केला. तो उचगावहून येतो, वर्गाचा प्रतिनिधी आहे, टवाळ आहे, पण त्या दिवशी खरंच त्याला पडलेला प्रश्न होता. "मॅडम, मग आपल्या पंचगंगेला त्रिभुज प्रदेश का न्हाय?" मी शेवटच्या बाकावर पेन खाली ठेवलं. म्हटलं, आता बघा. आता ही गठ्ठा बाजूला सारते. तू म्हणालीस, "ते सिलॅबसमध्ये नाही. पुढं लिहा."

पूर्णी, त्या क्षणी मला जे वाटलं ते कृष्णातमामानं मोकळी जाळी घालवल्यावरही वाटलं नव्हतं.

कारण मी गच्ची बघितली आहे. एकोणीसच्या पुरात चिखलीहून आत्यांची आणि त्यांच्या शेजारपाजारची पोरं आपल्याकडं येऊन राहिली होती. घरं पाण्यात, आईबाप मिळंल तिथं, आणि पोरं खायची नाहीत, खेळायची नाहीत, जिन्यावर नुसती बसून राहायची. तू तेव्हा एम. ए. करत होतीस. पाऊस उघडल्यावर तू त्यांना गच्चीवर नेलंस. दुरुस्तीची वाळू पडली होती, त्यात तू बोटांनी नद्या ओढल्यास. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्या आणून एकत्र केल्यास आणि पंचगंगा खाली नेलीस. तिथं आडवा मोठा चर काढून म्हणालीस, ही कृष्णा. पोरांनी काडेपेट्यांची घरं मांडली. मग तू आधी कृष्णेत घागर ओतलीस आणि नंतर वरून तांब्यानं पंचगंगेत पाणी सोडलंस. पाणी खाली जाऊन तटलं आणि माघारी यायला लागलं. "कृष्णा तुडुंब हाय. मग आपली पंचगंगा जाणार कुठं? समुद्र तर तिला दिसतबी न्हाय, वाटेतच कृष्णा पोटात घेती." एक काडेपेटी भिजली. एवढा वेळ न बोललेला एक पोरगा म्हणाला, "हे आमचं घर." तू त्याला काही समजावलं नाहीस. म्हणालीस, "उचल, आन् कुठं ठेवायचं ते तूच बघ." त्यानं घर उचलून टेकाडावर ठेवलं, आणि मग सगळी पोरं एकदम बोलायला लागली. त्या दिवशी ती पोरं पोटभर जेवली. मी भाकऱ्या थापून दमले आणि खाली चुलीपाशी बसून रडले, कुणाला दिसलं नाही. मला वाटलं, बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं ते थांबलं, पण ह्या पोरीत ते दुपटीनं आलंय.

तर अशी ती पोरगी, आणि तिच्याच तोंडून मी ऐकलं, सिलॅबसमध्ये नाही.

हॉलमधला दिवस तुला माहीतच आहे, पण तू तो दारातून बघितलास आणि मी आतून. कॉलेजची तपासणी करायला बाहेरगावाहून समिती येणार म्हणून आठवडाभर आमची तालीम चालली होती. कोणी विचारलं तर काय म्हणायचं, कोणी हात वर करायचा, सगळं पाठ. मला शशिधर सर म्हणाले, "काकू, तुम्ही मागं बसा आणि बोलू नका." मी बोलणारही नव्हते. सम्राट उठला आणि "व्हेरी गुड सर, व्हेरी इंटरेस्टिंग सर" म्हणून बसला. पोरं खाली बघून हसली. आणि तू दारात उभी होतीस, शाली आणि नारळांचं ताट धरून. एम. ए. पहिल्या वर्गात पास झालेली माझी मुलगी ताट धरून उभी, कारण ती तासिकेवरची, कायम नोकरीवाल्यांना दुसरी कामं होती. तेवढ्यात त्या समितीतल्या चष्मेवाल्या गृहस्थांना माझे पांढरे केस दिसले. ते गोड आवाजात म्हणाले, "त्या मागच्या ताई, पालक म्हणून तुमचं काय मत आहे?"

मी उठले. "मी पालक न्हाय, मी विद्यार्थी हाय," म्हटलं. त्यांनी खूश होऊन विचारलं, वा वा, मग हा ओळखीचा विषय कसा वाटला? आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. "साहेब, नदीचा धडा झाला. नदी हितनं चालत जाण्याएवढी हाय, आमी एकदाबी गेलो न्हाय. मॅडमनी वही बघून सांगितलं, आमी वहीत लिवलं. त्या वहीतनं ह्या वहीत आलं, मधी कुणाच्या डोस्क्यात थांबलं न्हाय. पोरानं आपल्या नदीचा प्रश्न इचारला तर सिलॅबसमधी न्हाय म्हणून सांगितलं. मॅडमना शिकवाय येतं. लई चांगलं येतं. पर हितं त्या शिकवत न्हाईत." ते गृहस्थ म्हणाले, त्यांना चांगलं शिकवता येतं हे तुम्हाला कसं माहीत? मी दाराकडं बघितलं. तू मान हलवून नको म्हणत होतीस. आणि मी सांगून टाकलं, "मी बघितलंय. ती माझी लेक हाय."

अट मी तिथं मोडली. खोटं बोलून ती पाळता आली असती, पण मग आधी बोललेलं सगळंच वाया गेलं असतं.

त्या संध्याकाळी तू भांडली नाहीस, ते मला जास्त लागलं. बॅग भरता भरता म्हणालीस, "आई, गॅलरीत सगळी आपली माणसं असतात गं. तिथं परके बसले होते. परक्या पेठेसमोर आपल्याच माणसाला कोण नावं ठेवतं?" पूर्णी, त्यावर मी रोज विचार करते. डंक चालू असताना करते, भाकरी थापताना करते. तुझ्या बोलण्यात खरं आहे, परक्यांसमोर आपण आपलं झाकतो, मीच तुला ते शिकवलंय. पण तू एक विसरलीस. पुढं खुर्च्यांवर तिघं परके होते हे खरं, पण मागं बाकांवर सगळी आपली पोरं होती. उचगावची, शिरोलीची, पेठेतली. चिखलीचीसुद्धा होती, ज्यांनी ते पाणी घरात बघितलंय. ती पोरं सत्रभर "व्हेरी गुड सर" म्हणायला शिकली. ती काय परक्या पेठेची होती? त्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडायला नको?

आणि त्याच संध्याकाळी तू माझ्यापुढं ठेवलेला तो कागद. "घरगुती वादामुळे भावनेच्या भरात मी बोलले, अभ्यासक्रमाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही." मी सही केली की पुढच्या सत्रात तुझे तास तुलाच, नाही केली तर दुसऱ्या कुणाला. सोमवारपर्यंतची मुदत. तू म्हणालीस, नोकरी माझी जाते, तुझं काय जातं? खरं आहे. तुझी नोकरी मी तुला परत आणून देऊ शकत नाही, आणि तासिकेवरची का असेना, ती तू किती धडपडून मिळवलीस ते मी बघितलंय. तुला नोकरी वाचवायची असेल तर तू तुझा कागद लिहून दे. आईचं डोकं फिरलंय असं लिही, मी कुणापाशी नाही म्हणणार नाही. पण माझ्या सहीनं नको. त्या कागदाचा अर्थ असा होतो की तू त्या वर्गात जे करत होतीस तेच तुझं शिकवणं, तेवढंच तुला येतं, आणि त्यावर तुझ्या आईचं समाधान आहे. माझं नाही. मेले तरी नसेल. काल मी स्वतः जाऊन तो कागद शशिधर सरांच्या टेबलावर सही न करता ठेवून आले. ते म्हणाले, मुलीचं नुकसान करताय. मी म्हटलं, सर, ते तुमी आधीच केलंय.

हे मी उगाच म्हटलं नाही. गेल्या आठवड्यात तेजस्वी आईबरोबर चटणी कांडायला आली होती. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, आम्ही पहिल्या वर्षाला असताना मॅडम आम्हाला घाटावर घेऊन गेल्या होत्या. पुराच्या खुणा दाखवल्या, पाणी कुठून कुठवर आलं ते पोरांकडून मोजून घेतलं. ते एकच लेक्चर आपल्याला अजून जसंच्या तसं आठवतं म्हणाली. आणि परत आल्यावर व्हरांड्यात सगळ्या पोरांसमोर सर तुला काय काय बोलले तेही तिनं सांगितलं. तासिकेवरच्या माणसानं वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही, शहाणपणा नको, ह्या नोट्स घ्या आणि ह्याच सांगा. तू मला ह्यातलं एक अक्षर बोलली नाहीस. मी डंक बंद केला. लाइट गेलेल्या दिवशी तू खडू का खाली ठेवलास ते मला तेव्हा कळलं. हे आधी माहीत असतं तर हॉलमध्ये मी तुझ्या एकटीवर थांबले नसते, सरांनाही उभं करून विचारलं असतं. तू जन्मापासून भित्री नव्हतीस. तुला भीती घातली, आणि तू ती गपचूप अंगावर घेऊन घरी येत राहिलीस. सरांवर माझा राग आहेच. पण तुझ्यावर पण आहे, कारण सरांनी तुला वर्गाबाहेर जायला बंदी केली, डोकं वर करून पोरांकडं बघायला नाही.

काकांचा दहीभात आला म्हणजे संपत आलंच. आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल संध्याकाळी सम्राट घरी आला होता, बरोबर आणखी पोरंपोरी. दारात चपला काढताना माझ्याकडं बघेना. मग म्हणाला, "काकू, मी खोटं बोललो वो त्या दिवशी. आमास्नी नदीवर जायाचंय. मार्क नकोत, हजेरी नको, मॅडम येतील का?" मी म्हटलं, येतील का ते मला माहीत नाही, पण मी येणार. रविवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत, पंचगंगेच्या घाटावर. तो दिवस कॉलेजचा नाही, त्यामुळं परवानगी मागायला कुणी नाही. सोमवारचं काय व्हायचं ते सोमवारी होऊ दे. सम्राटनं जाता जाता मला तोच प्रश्न पुन्हा विचारला, पंचगंगेला त्रिभुज प्रदेश का नाही. उत्तर मला येतं, पूर्णी. गच्चीवर तूच सांगितलं होतंस. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी दिलं नाही. म्हटलं, "ते मॅडमना इचार, त्यास्नी येतंय." आणि आणखी एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. मी कॉलेजात नाव घातलं ते डिग्रीसाठी नाही. गच्चीवरची ती पोरगी कॉलेजात नोकरीला गेली आणि हळूहळू घरात बोलेनाशी झाली, ती तिथं कुठं हरवली ते बघायला मी आले होते. अख्खं सत्र शेवटच्या बाकावर बसून मी तुझी वाट बघितली, लाइट गेली तेवढा वेळ सोडला तर तू आली नाहीस. रविवारी ये. शनिवारची एसटी धर, पप्पा स्टँडवर येतील, काही विचारणार नाहीत. घाटावर आधी हजेरी घे, पण नंबरानं नको, नावानं घे. माझं नाव शेवटीच येऊ दे. मी "यस मॅडम" म्हणेन, तेव्हा तेवढं डोकं वर करून माझ्याकडं बघ.

तुझीच,
संयोगिता अमरसिंह पाटील
प्रथम वर्ष, शेवटचा बाक

ता. क. काकांबरोबर चटणीचा डबा पाठवला आहे. मावशीला निम्मी दे. पप्पांनी गच्चीवर वाळू चढवून ठेवली आहे, कशाला ते मी विचारलं नाही.